भीमाचे पोट कुठे गेले?

मंडळी, सुरुवातीलाच तुम्हाला थोडे काम देतो. डोळे मिटा आणि भीम आठवा.

तुमच्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना बहुधा झुपकेदार मिशांचा, खांद्यावर गदा घेतलेला, रुंद छातीचा आणि तेवढ्याच रुंद पोटाचा गडी दिसला असेल. आता घरी गेल्यावर हाच प्रश्न नातवंडांना विचारा. सात-आठ वर्षांचे नातवंड केशरी धोतरातला, गुळगुळीत गालांचा, लाडू खाऊन शक्ती येणारा एक मुलगा सांगेल. त्याला कौरव-पांडव ठाऊक असतीलच असे नाही. ढोलकपूर मात्र नक्की ठाऊक असेल. आणि कॉलेजात जाणारा नातू असला, तर त्याचा भीम जिममधून नुकताच बाहेर पडलेला असेल. कंबर बारीक, खांदे अवाढव्य, पोटावर वड्या पाडल्यासारखे स्नायू.

साहित्याच्या व्यासपीठावर कार्टूनवर कशाला बोलायचे, असे मला एका स्नेह्यांनी विचारले. त्यांना मी म्हटले, पात्र हा शब्द तुमचाच ना? लेखकाचे एक बरे असते. ‘तो बलदंड होता’ एवढे लिहून तो पुढे जाऊ शकतो. चित्रकाराला ती सोय नाही. त्याला नाक काढावे लागते, कातडीचा रंग ठरवावा लागतो, कंबर किती आणि डोके किती हे मोजावे लागते. लेखकाने जे वाचकावर सोडले, ते चित्रकार ठरवून टाकतो. आणि ज्या मुलाने गोष्ट वाचण्याआधी चित्र पाहिले, त्याच्यापुरते ते कायमचे ठरून जाते.

व्यासांनी भीमाच्या देहाबद्दल काय ठेवले आहे पाहा. त्याचे एक नावच वृकोदर आहे, लांडग्यासारखे पोट असलेला. म्हणजे पोट, निदान भूक, ही त्याची ओळख. शिवाय द्रोणपर्वात कर्ण त्याला ‘तूबरक’ म्हणून हिणवतो. तूबरक म्हणजे दाढीमिशी न फुटलेला. कॅलेंडरवाल्यांनी त्याला ज्या भरघोस मिशा दिल्या, त्या त्यांच्या पदरच्या! या एका बाबतीत ढोलकपूरचा पोरगा नकळत मूळ ग्रंथाच्या जवळ गेला आहे. पोटाच्या बाबतीत मात्र सगळेच दूर गेले.

ही वाटचाल समजून घ्यायला आपल्याला बडोद्याबाहेर फारसे जावे लागत नाही, आणि या विषयावर बोलायला मी तयार झालो त्याचे कारणही तेच. आपल्या पूर्वजांनी या गावात जी चित्रे लावली, त्यांतून भारतभराच्या देवादिकांचे चेहरे घडले.

तांबेकर वाडा तुम्हाला माहीत आहे. भाऊ तांबेकर हे बडोद्याचे दिवाण, १८४९ ते १८५४ या काळातले. त्यांच्या वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रे आहेत : महाभारत, कृष्णचरित्र, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया, घरातल्या बायका, मधूनच एखादा गोरा साहेब. तिथे देव आणि माणूस एकाच मापाचे आहेत. चेहरे बहुतेक एका बाजूने काढलेले, डोळे लांब, अंग सपाट रंगाचे, बाहेरून एक रेघ. छाया नाही, उठाव नाही. कोण कोण आहे हे कळते ते मुकुट, शस्त्र, अंगाचा रंग आणि जागा यांवरून.

मला या भिंतींची रीत परकी वाटत नाही, कारण आम्हा जैनांना ती लहानपणापासून ओळखीची. पश्चिम भारतातल्या जुन्या कल्पसूत्राच्या पोथ्यांत चेहरा तिरका असतो आणि पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर थेट हवेत काढलेला असतो. लहान मुले पहिल्यांदा पाहून हसतात. पण एकदा पाहिलेले ते चित्र पुन्हा कुणी विसरत नाही, आणि आजचा कार्टून काढणाराही हेच तर मागत असतो! आमच्या चोवीस तीर्थंकरांची गंमत आणखी वेगळी. चोवीसही जणांचा चेहरा एक, देह एक, आसन एक. ओळखायचे ते लांछनावरून. बैल असेल तर ऋषभदेव, सिंह असेल तर महावीर. ऋषभदेवांच्या खांद्यावर केसांच्या बटा, पार्श्वनाथांच्या डोक्यावर नागाची फणा. ॲनिमेशनच्या शाळेत आज शिकवतात की पात्र नुसत्या सावलीवरून ओळखता आले पाहिजे. पार्श्वनाथ त्या परीक्षेत कधीच पास झाले आहेत. अकोट्याला सापडलेल्या ब्राँझ मूर्ती आपल्या म्युझियममध्ये आहेत, त्यांत जीवंतस्वामी आहेत : दीक्षा घेण्यापूर्वीचे महावीर, ध्यानात उभे, पण अंगावर मुकुट आणि दागिने. एका मुकुटाने राजपुत्र आणि तीर्थंकर यांत फरक केला. चेहऱ्याला हात लावावा लागला नाही.

मग रविवर्मा आले. १८८८ साली सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पुराणविषयक चौदा चित्रांची मागणी केली आणि इथून सगळे पालटले. त्यांच्या चित्रांत नळ-दमयंती, शंतनू, देवकी ही माणसे झाली. हाडामासाची, उजेड-सावलीची, आपल्या शेजारी राहणारी. त्यांच्या कितीतरी नायिका लुगडे नेसतात ते आपल्या आज्यांच्या वळणाचे. पुढे छापील चित्रांतून हीच लक्ष्मी आणि हीच सरस्वती घरोघरी गेली. देशभरातल्या देवींना लुगडे नेसवण्यात बडोद्याच्या मराठी घरांचा वाटा आहे, हे आपण अभिमानाने सांगत नाही, याचे मला नवल वाटते.

त्याच सुमारास, १८९० मध्ये, इथे कलाभवन सुरू झाले आणि त्र्यंबकेश्वरहून आलेला एक तरुण तिथे शिकू लागला. धुंडिराज गोविंद फाळके. चित्रकला, फोटोग्राफी, साचेकाम, जे मिळेल ते तो शिकला. पुढे गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला, रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केले, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’. हे सर्वांना पाठ आहे. कमी ठाऊक असते ते हे, की फाळक्यांनी चित्र हलवण्याचे प्रयोग नटांच्याही आधी वाटाण्यावर केले. ‘अंकुराची वाढ’ या त्यांच्या छोट्या चित्रपटात कुंडीतले रोप उगवून वर येते. एकेक चौकट सावकाश टिपायची आणि एका दमात दाखवायची. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्याच नाचतात. आगकाडीला नाक नाही, डोळे नाहीत, तरी ती चालली की आपण तिला ‘कोणी तरी’ समजतो. पात्ररचनेचा हा पहिला धडा कलाभवनच्या विद्यार्थ्याने दिला आहे.

त्यांच्या नटांचीही एक गोष्ट जाता जाता सांगतो. ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या, आणि ‘कालियामर्दन’मधला कृष्ण ही फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. म्हणजे रामाचा देह इतका सौम्य होता की तोच माणूस सीता म्हणून खपत होता. आजच्या सिनेमातला राम डोळ्यांसमोर आणा आणि त्याला लुगडे नेसवून पाहा.

प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा व्यंगपट केला, पण या धंद्याला खरे घर मिळाले ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. १९५६ मध्ये तिथे व्यंगपटांचा विभाग उभा राहिला आणि शिकवायला डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स आले. १९५७ चा ‘बनियन डिअर’ हा त्या शाळेचा पहिला धडा. जातककथेवरचा, अजिंठ्याची चित्रे समोर ठेवून केलेला. माणसे अजिंठ्याकडे झुकलेली, हरणे थोडी बांबीच्या नात्यातली. ही ओढाताण पुढे आपल्याकडच्या प्रत्येक व्यंगपटात दिसते.

तुमच्या-माझ्या मुलांना आठवतो तो मात्र १९७४ चा ‘एक अनेक और एकता’. दूरदर्शनवर किती वेळा लागला असेल! विजया मुळे यांचा तो चित्रपट. अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या त्या आई. चित्रे हलवली भीमसेन यांनी, संगीत वसंत देसाईंचे. त्यातली दीदी आणि मुले आज पाहा. साधी गोल डोकी, सपाट रंग, चार रेषांचे चेहरे. कुणी देखणे नाही आणि कुणी कुरूप नाही. मुलांना त्यात आपला शेजारी सापडे. पैसा कमी होता म्हणून चित्रे साधी होती, हे खरे आहे. पण पैसा कमी असून वाईट झालेली चित्रेही मी पुष्कळ पाहिली आहेत. हे तसे नाही.

पैशाचा हा हिशेब समजल्याशिवाय चेहरे का बदलले ते कळणार नाही. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला १२ चित्रे. आता पात्राच्या हातात चार बांगड्या काढल्या, तर त्या चारही सेकंदाला बारा वेळा काढायच्या. लुगड्याच्या निऱ्या, उपरण्याची नक्षी, फेट्याचे पेच, सगळे बारा वेळा. १९९३ चा ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा’ जपानच्या युगो साको यांनी आपल्या राम मोहन यांच्याबरोबर केला, तो हाताने, सुमारे सव्वादोन तासांचा. म्हणूनच त्यातला राम अजून देखणा वाटतो. डोळे थोडे जपानी, पण अंग सडपातळ, चाल शांत. गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला.

टीव्हीला एवढी चैन परवडत नाही. रोज नवा भाग हवा. २००८ मध्ये हैदराबादच्या राजीव चिलकांचा ‘छोटा भीम’ आला तो संगणकावरच्या सपाट चित्रांचा. असे पात्र पुतळीसारखे तुकड्यांत करून ठेवतात. हात वेगळा, पाय वेगळा, पापण्या वेगळ्या. हवे तसे जोडायचे आणि फिरवायचे. त्याला जाड बाह्यरेषा सोयीची, निऱ्या गैरसोयीच्या. उघडे अंग सर्वांत स्वस्त. धोतर आहे, पण ते आखूड आणि चापूनचोपून. लोक त्यात संस्कृती शोधतात. मला त्यात खर्चाचा हिशेब दिसतो. पुण्यात तयार झालेला २००९ चा ‘लिट्ल कृष्णा’ त्रिमितीचा होता, तिथे अडचण उलटी. अंग गोलाईने फिरते, पण कापड आणि केस नीट हलवणे महाग. म्हणून त्या काळातली त्रिमिती पात्रे प्लॅस्टिकच्या बाहुल्यांसारखी दिसत.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या साधारण एक चतुर्थांश असते. मोठ्या माणसाचे सातवा-आठवा हिस्सा. मोठे डोके, फुगीर कपाळ, मोठे डोळे, आखूड हातपाय दिसले की आपल्याला आपोआप माया येते. कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये हे मांडले. पुढे स्टीफन जे गूल्ड यांनी मिकी माउसची जुनी-नवी चित्रे चक्क कॅलिपरने मोजली आणि १९७९ मध्ये लिहिले, की पन्नास वर्षांत मिकी वयाने लहान होत गेला आहे. त्याचे डोळे डोक्याच्या २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. आरंभीचा मिकी खोडसाळ होता. सभ्य होत गेला तसा बाळसेदार होत गेला. आपल्याकडे २००५ च्या ‘हनुमान’पासून तेच चालू आहे. हनुमान बाळ झाला, गणपती बाळ झाला, कृष्ण तर आधीपासूनच होता, आणि २०१९ मध्ये भीमही रांगू लागला. ‘माइटी लिट्ल भीम’मध्ये तर त्याला भाषाच नाही, म्हणजे तो कुठल्याही देशात विकता येतो. शि. द. फडणीसांची शब्दांविना हसवणारी चित्रे ज्यांनी जपली आहेत त्यांना हा प्रकार नवा नाही. फरक एवढाच, की फडणीसांच्या मुक्या चित्रातली वहिनी पाहिल्याबरोबर मराठी आहे हे कळते.

बाळरूप मला खटकत नाही. बाळकृष्णाला आपण शेकडो वर्षे लोणी खाऊ घालतो आहोत. खटकतात त्या दुसऱ्या दोन गोष्टी, आणि त्या मला टीव्हीवर कमी, दवाखान्यात जास्त दिसतात.

होमिओपॅथीत रुग्णाची हकीकत लांबलचक घ्यावी लागते. आई बोलत असते तेवढा वेळ मुलाने गप्प बसावे म्हणून मी टेबलावर कागद आणि रंगीत खडू ठेवतो. कारेलीबागेत मी गेली ३५ वर्षे हे करतो आहे. त्या पेटीत एक फिकट, गुलाबी-पिवळट खडू असतो. त्याला सगळी मुले, मराठी काय नि गुजराती काय, ‘स्किन कलर’ म्हणतात. तो सर्वांत आधी झिजतो. मध्यंतरी एक सावळी, तरतरीत मुलगी आली होती. तिने आई, बाबा, आजी आणि स्वतःला त्या खडूने रंगवले आणि दाराशी एक राक्षस तपकिरी केला. तपकिरी खडू तिच्या हाताच्या रंगाशी हुबेहूब जुळत होता. मी तिला तो हातावर ठेवून दाखवला. ती म्हणाली, ‘‘हा वाईट माणसांचा असतो.’’ आई हसली. आणि जाता जाता तिनेच मला विचारले, ‘‘डॉक्टर, उजळ व्हायला काही गोळ्या आहेत का तुमच्यात?’’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. नाहीत, असे मी दर वेळी सांगतो. पण त्या दिवशी मला त्या खडूचा जास्त राग आला.

त्या मुलीने हे स्वतः शोधून काढलेले नाही. ढोलकपुरातला दांडगट, मोठ्या अंगाचा पोरगा आठवा. त्याचे नाव कालिया आहे. चुटकीच्या गोऱ्या गालांवर गुलाबी ठिपके आहेत. एका मालिकेला मी दोष देत नाही. बहुतेक सगळीकडे हीच वाटणी आहे. राम मेघश्याम, कृष्ण काळा, द्रौपदीचे तर नावच कृष्णा. आणि पडद्यावर राम-कृष्ण आकाशी निळे, द्रौपदी गोरी, आणि खरा सावळा रंग राहिला तो राक्षसांच्या वाट्याला. धंद्यातले लोक म्हणतात, सावळ्या अंगावर काळी बाह्यरेषा उठून दिसत नाही. अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे : रेषेचा रंग बदलावा. अजिंठ्याच्या चित्रकारांना सावळी माणसे राजबिंडी दाखवता आली, तीही दिव्याच्या उजेडात बसून.

दुसरी गोष्ट पोटाची. चौदा-पंधरा वर्षांची मुले आता वजन वाढवायला आणि ‘कट’ दिसायला काय घ्यावे म्हणून विचारायला येतात. खिशात पावडरीच्या डब्याचा फोटो असतो. २०२५ च्या जुलैत आलेल्या ‘महावतार नरसिंह’ने तर देवाच्याही अंगावरचा एकेक स्नायू वेगळा दाखवला. चित्रपट म्हणून त्याचा दरारा आहे, नाकारत नाही. चित्रपटगृहात लोकांनी हात जोडलेले मी पाहिले. पण या मुलांना मी एक पत्ता देतो. कारेलीबागेतून सयाजीबाग काही लांब नाही. तिथल्या म्युझियममध्ये एक दगड आहे, तो गामा पैलवानाने १९०२ मध्ये बडोद्यात उचलला असे सांगतात. किती उचलला, कसा उचलला, यावर वाद घालू द्या. पण गामाचे फोटो पाहा. मान आणि डोके एकाच रुंदीचे, मांड्या खांबासारख्या, कंबर जाड, पोट भरलेले. जुम्मादादांच्या आखाड्यात माणिकरावांनी तयार केलेल्या पिढ्यांचे अंगही याच घडणीचे. ओझे उचलायचे तर मधला भाग जाडच लागतो. पोटावर वड्या दिसतात त्या ताकदीमुळे नव्हेत, कातडीखालची चरबी गेल्यामुळे. आणि फोटोसाठी काही जण दोन दिवस पाणीही तोडतात. असा माणूस बकासुराशी लढायला गेला, तर मी आधी त्याचे बीपी बघेन!

वृकोदर हे नाव ठेवणाऱ्याला शक्ती कुठे साठते ते ठाऊक होते. चित्रकारांना ते विसरायला झाले, कारण त्यांच्यासमोर नमुना म्हणून आता पैलवान नसतो, परदेशी चित्रपटांतले वीर असतात.

आमच्यात तीर्थंकराची भूमिका नटाने करावी हे अजूनही पुष्कळांना रुचत नाही, आणि व्यंगपटात त्यांना बोलते करावे की नाही यावर पाठशाळेत वाद होतात. पूर्वी मला तो कर्मठपणा वाटे. आता वाटते, त्या वादात निदान एक गोष्ट मान्य केलेली असते : चेहरा देणे हे जबाबदारीचे काम आहे. आपल्या शिवाजी महाराजांच्या बाबतीत आपण अशी काळजी घेतो. टोपी, दाढी, नाक यांत जरा इकडेतिकडे झाले की पत्रे जातात. भीमासाठी किंवा द्रौपदीसाठी कुणी पत्र लिहीत नाही.

तर येत्या सुट्टीत नातवंडांना तांबेकर वाड्यात घेऊन जा. दिवसाउजेडी जा, आत उजेड कमी असतो आणि काही ठिकाणी रंग उडाला आहे. नंतर वेळ राहिला तर फत्तेसिंह म्युझियममधले रविवर्मा, आणि कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रे. एकाच गावात देव रंगवण्याच्या तीन तऱ्हा. वाड्यात गेल्यावर मुलांना काही सांगू नका. भिंतीसमोर उभे करा आणि यातला भीम कोणता, ते त्यांनाच शोधू द्या. आमच्या घरातल्या एकाने तो दहा मिनिटांत शोधला आणि मला विचारले, ‘‘आजोबा, हा एवढा जाडा कसा?’’ मी त्याला म्हटले, दगडाच्या खोलीत जाऊ, तिथे सांगतो.